नावेत राहिलेल्यांचं काय?

अहो, रविवारी तुमच्या आठवणीची उपासना झाली. पाळकसाहेबांनी उपदेशात तुम्हाला ‘ख्रिस्ताचा खरा शिष्य’ म्हटलं आणि मागच्या बाकांवरून ‘आमेन’ आलं. तुम्ही तिथं असता तर मान खाली घालून चष्मा पुसत बसला असता, आणि परत येताना रिक्षात मला म्हणाला असता, ‘‘बघ, माणूस मेला की लगेच शिष्य होतो. जिवंतपणी लई अवघड जातं.’’

मला रडू आलं नाही. आपलं जुनं भांडण तेवढं मनात उठून उभं राहिलं. तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात. आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलायचं आहे, म्हणून बोलते.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. उस्मानपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. जेवणं झाली की तुम्ही शास्त्र मोठ्यानं वाचायचा, मी भांडी पुसत ऐकायची. त्या दिवशी गालील समुद्राकाठचा प्रसंग होता. जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, बापाबरोबर नावेत जाळी नीट करत बसलेले. येशू हाक मारतो आणि दोघं तसेच उठून त्याच्या मागं जातात. तुम्ही पुढच्या ओळीला लागलात आणि मी विचारलं, ‘‘आणि म्हातारा?’’

‘‘कोण म्हातारा?’’

‘‘जब्दी. त्याचं काय झालं? नाव ओढून काठाला कोणी लावली?’’

तुम्ही हसलात. ‘‘गडी होते की त्याच्याकडं.’’

‘‘गडी म्हणजे पोटची पोरं नव्हेत.’’

त्यावर तुम्ही पुस्तक मिटलंत आणि दिवा घालवलात. मला वाटलं, रागावलात. तुम्ही रागावला नव्हतात, तुम्हाला उत्तर सापडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसला जाताना चप्पल घालता घालता म्हणालात, ‘‘सुलू, तो प्रश्न तसाच राहू दे. सापडलं उत्तर की सांगतो.’’

मग आपण बजाजनगरला घर घेतलं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. तुमची टूलरूमची नोकरी, माझी शाळा, आपली कृपा. संध्याकाळी तरुण मंडळी पडवीत जमायची आणि तुम्ही त्यांना पहिल्या शतकातल्या विश्वासणाऱ्यांबद्दल सांगायचा. ते सांगताना तुमचा आवाज बदलायचा. ‘‘त्यांना चर्चची इमारत नव्हती, गायनाची पेटी नव्हती. लोक त्यांना ‘त्या मार्गाचे’ म्हणायचे. मार्ग! म्हणजे बसायची जागाच नव्हती, चालायचंच होतं. धनी आणि त्याचा गुलाम एका पंगतीत भाकर मोडायचे. शहरात रोगाची साथ आली, घरच्यांनी घरच्यांना टाकलं, तेव्हा ही माणसं परक्यांच्या उशाशी बसली. आणि आपण? आपण रविवारी इस्त्रीचा शर्ट घालतो.’’ पोरं हसायची. तुम्ही हसत नव्हतात.

मी आतून चहा आणायचे आणि मनात म्हणायचे, बोलायला काय जातंय.

तुम्ही नुसते बोलत नव्हतात, हे मला रंगनाथराव आले तेव्हा कळलं.

रविवारी उपासनेनंतर तुम्ही चार-पाच जण सरकारी दवाखान्यात रुग्णांना भेटायला जायचात. त्या दुपारी तुम्ही परत आलात ते रिक्षातून, आणि मागच्या सीटवर एक माणूस आडवा होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, डोळे मिटलेले. वाळूजला एका शेडचे पत्रे बदलताना वरून पडलेला. कमरेखाली सगळं लुळं पडलं होतं. ठेकेदाराचा पत्ता नव्हता. गावाकडचे भाऊ एकदा येऊन बघून गेले, ते गेलेच. दवाखान्यातून त्याला सोडायचं ठरलं होतं आणि न्यायला कोणी नव्हतं.

‘‘चार दिवसांसाठी,’’ तुम्ही म्हणालात. रिक्षावाल्यानं आणि तुम्ही मिळून त्यांना आत घेतलं आणि पुढच्या खोलीत कृपाच्या पलंगावर निजवलं. कृपाच्या! पोरीचं बारावीचं वर्ष होतं. ती दप्तर हातात घेऊन दारात उभी राहिली. तिनं तुमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘‘पप्पा, तुमच्या येशूला आख्ख्या संभाजीनगरात हेच घर दिसलं का?’’

तुम्ही तिची पुस्तकं उचलून आतल्या खोलीत नेलीत. तिनं माझा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला विचारला होता.

ती शेजारच्या कांबळेबाईंच्या घरी अभ्यास करायला लागली. त्यांच्याकडं भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, त्याच्या खाली टेबल. बाई म्हणाल्या, ‘‘इथं बस, पोरी. इथं बसून अभ्यास केल्याशिवाय कोणाला उठता येत नाही.’’ कृपा चांगल्या गुणांनी पास झाली, हे सगळ्यांनी सांगितलं. ती त्या वर्षी आपल्याशी किती कमी बोलली, ते आपल्या दोघांनाच ठाऊक.

रंगनाथराव देवगाव रंगारीच्या पलीकडच्या एका खेड्यातले, जमीन असलेल्या घरातले. तुमच्या आजोबांनी त्याच भागात दुसऱ्यांच्या शेतात जन्म काढला होता. आजोबांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, हे तुम्ही मला फार पूर्वी सांगितलं होतं, एकदाच. आणि आता त्या बाजूचा माणूस आपल्या घरात पडून होता, आणि आपल्या चुलीवरचं खात नव्हता! नको म्हणून मान हलवायचा. बिस्किटं खायचा, केळी खायचा. भाजी-भाकरीचं ताट तसंच परत यायचं.

मी भडकले. ‘‘कळतंय का तुम्हाला, का खात नाही तो?’’

‘‘कळतंय.’’

‘‘मग?’’

‘‘भूक लागली की खाईल. तोवर केळी आणतो.’’

‘‘तुमच्या आजोबांना काय वाटलं असतं?’’

तुम्ही घमेल्यात त्यांचे कपडे भिजवत होतात. हात न थांबवता म्हणालात, ‘‘आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या तरी पंगतीत मानानं बसता यावं म्हणून. आता पंगत आपली आहे. कोणाला उठवायचं, ते आपण का शिकायचं?’’

मला ते पटलं नव्हतं. मला त्या माणसाचा राग येत होता आणि तुमच्या शांतपणाचा त्याहून जास्त. मग एका दुपारी मी शाळेतून आले, ठेचा वाटत होते, तर पुढच्या खोलीतून बारीक आवाज आला, ‘‘वहिनी, भाकरी हाय का जराशी? वास लई भारी सुटलाय.’’ मी ताट नेऊन ठेवलं. खाताना ते रडत होते. तिखटामुळं म्हणाले.

चार दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं. पहाटे उठून तुम्ही त्यांची लघवीची पिशवी रिकामी करायचा, पाठीच्या जखमा धुवायचा, कूस बदलायचा, मग कंपनीत जायचा. ही कामं तुम्ही मला एकदाही सांगितली नाहीत. स्वयंपाक, औषधं, दुपारचं पाणी एवढंच माझ्याकडं. तरी घर माझंही होतं. पाहुणे यायचे बंद झाले. तो डेटॉलचा वास माझ्या साड्यांना लागून शाळेत यायचा. एकदा तुमच्या बहिणीच्या मुलाच्या लग्नाला मी एकटीच गेले आणि सगळ्यांनी विचारलं, ‘‘दानिएल कुठं?’’ काय सांगणार? नावेत मी होते, अहो. हाक तुम्हाला आली होती.

हे मी तुम्हाला म्हटलंही. तेव्हा तुम्ही, इतक्या वर्षांनी, आपलं उत्तर आणलंत. ‘‘सुलू, जब्दीनं पोरांचा हात धरला असता तर ते गेले नसते. त्यानं धरला नाही. मला वाटतं, तोही शिष्यच. त्याचं नाव कोणी घेत नाही एवढंच.’’

चांगलं उत्तर होतं. पण मला अजूनही ते पुरत नाही. हात न धरणं वेगळं, आणि कोणी विचारलंच नाही म्हणून बसून राहणं वेगळं. तुम्ही मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते तुम्हालाही कळलं नाही आणि मलाही नाही.

चर्चच्या मंडळीला मात्र वेगळीच घाई होती. वडील मंडळीतले एक जण घरी आले, चहा झाला, रंगनाथरावांची चौकशी झाली. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘दानिएल, पुढल्या संमेलनात ह्यांची साक्ष ठेवू या, येशूनं कसं सावरलं ते सांगतील. चाकाच्या खुर्चीत स्टेजवर आणायचं. बाप्तिस्म्याचं कुठवर आलंय?’’

‘‘कुठंच नाही,’’ तुम्ही म्हणालात.

‘‘एवढी सेवा करतोस आणि सुवार्ता सांगत नाहीस?’’

‘‘तो माणूस कूससुद्धा बदलू शकत नाही, साहेब. मी बदलतो तेव्हा बदलते. अशा माणसाला मी देव बदल म्हणालो, तर तो नाही कसा म्हणेल? आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत?’’

ते गृहस्थ उठून गेले. पुढच्या निवडणुकीत तुमचं नाव मंडळीच्या कमिटीत नव्हतं. तुम्ही शेवटच्या बाकावर बसायला लागलात. कोणी काही बोललं नाही, पण प्रभुभोजनाची भाकर वाटताना आपल्या बाकावर तुमच्या पलीकडची जागा बहुतेक वेळा रिकामी असायची. तुम्हाला त्याचं वाईट वाटायचं. तुम्ही दाखवत नव्हतात, पण त्या रविवारी तुमचं जेवण कमी जायचं, आणि ताट मी वाढत होते.

आणि गंमत बघा, मंडळीला जे हवं होतं, नेमका त्याचाच संशय दुसऱ्या बाजूला होता. एका दुपारी कॉलनीतली तीन-चार तरुण पोरं दारात आली. तुमची सुट्टी होती. पुढचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, इथं एका माणसाला बाटवायला ठेवलंय म्हणे.’’ तुम्ही पडदा बाजूला केलात आणि म्हणालात, ‘‘आत या, त्यांनाच विचारा.’’

रंगनाथराव पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. खिशात खंडोबाचं छोटं चित्र ठेवायचे, ते त्यांनी काढून छातीवर ठेवलं. पोरांनी विचारलं, ‘‘बाबा, तुम्हाला इथं जबरदस्तीनं ठेवलंय का?’’

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘बाटवलंय मला. ह्यो माणूस रोज सकाळी माझं हगणं-मुतणं काढतो. उद्यापासनं तुमच्यातला कोण येतो, सांगा. जो येईल त्यानं मला परत बाटवून घ्यावं. माझी ना नाय.’’

एकाची नजर पिशवीकडं गेली आणि त्यानं मान फिरवली. रंगनाथराव ओरडायला लागले, ‘‘बोला की! आता का थोबाडं शिवली?’’ तेव्हा तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. ‘‘राहू द्या, रंगनाथराव. काळजीनंच आलीत पोरं.’’ मग मला म्हणालात, चहा टाक. मी टाकला. चहा पिऊन ती पोरं गेली, परत आली नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी रंगनाथरावांनी तुम्हाला विचारलं. मी दारामागं कणीक मळत होते, ऐकलं. ‘‘भाऊ, तुमचा देव तुम्हाला हे करायला सांगतो व्हय?’’

तुम्ही म्हणालात, ‘‘तो सांगत बसला नाही, रंगनाथराव. तो स्वतः करायचा. मी आपला त्याच्या मागं चालतोय. लई मागं.’’

एवढंच. सगळ्या वर्षांत तुम्ही त्यांना दिलेला उपदेश एवढाच. मी तुमचे शंभर उपदेश ऐकले असतील, आणि तुम्ही गेल्यापासून मला हाच एक आठवतो.

तुम्ही संत नव्हतात, हेही कोणीतरी सांगायला हवं. रविवारी कोणी सांगितलं नाही. एकदा रंगनाथरावांनी जेवण सोडलं. जगून काय करू, म्हणाले. तुम्ही समजावलंत, विनवलंत आणि मग असे ओरडलात की कांबळेबाई धावत आल्या. ‘‘मरायचंच होतं तर माझी एवढी वर्षं का घेतली?’’ असं म्हणालात तुम्ही. मग पडवीच्या पायरीवर जाऊन बसलात. मी शेजारी बसले तर म्हणालात, ‘‘मला किळस येते, सुलू. रोज येते. वाटलं होतं, सवय होईल. नाही झाली.’’ मी तुमचा हात हातात घेतला. त्या हाताला साबणाचा वास होता. आपल्या सगळ्या संसारात तुम्ही मला इतके जवळचे कधी वाटला नव्हता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, सांगू कधीतरी.

तुम्ही गेलात ते सकाळी, न्हाणीच्या दारात, बादली भरता भरता. मी नळाचा आवाज बंद कसा होत नाही म्हणून आले.

शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली, रंगनाथरावांच्या पलंगाला लागून. दुसरीकडं जागाच नव्हती. त्यांनी हात लांबवून पेटीची कड धरली आणि निघेपर्यंत सोडली नाही. ‘‘मी असा पडलेला, आणि धडधाकट गेला,’’ एवढंच म्हणत होते. कबरस्थानात येतोच, म्हणाले. लोक म्हणाले, कसं नेणार? शेवटी कृपा पुढं झाली, आपली कृपा, आणि म्हणाली, ‘‘खुर्चीत बसवा काकांना. पप्पांना आवडलं असतं.’’ चौघांनी उचलून टेम्पोत चढवलं. कबरीपाशी त्यांनी खाली वाकायचा प्रयत्न केला, वाकता येईना, तेव्हा पाळकसाहेबांनी स्वतः ओंजळीत माती घेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठमाती दिली, हात जोडले आणि म्हणाले, ‘‘राम राम, भाऊ.’’ मागं संमेलनाचं बोलायला आलेले ते गृहस्थही होते. त्यांनी रुमालानं डोळे पुसले. मी बघितलं, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला बरं वाटेल.

आता पुढचं.

कृपा पुण्याला परत जाण्याआधी माझ्याजवळ बसली. आवाज अगदी तुमच्यासारखा हळू काढला. ‘‘आई, आता तू माझ्याकडं चल. काकांसाठी मी एका संस्थेत बोललेय. चांगली आहे, मी जाऊन बघून आलेय. तिथं माणसं असतात सगळं करायला.’’ ती चुकीचं काही बोलत नव्हती. पोरीनं आधीच जाऊन बघून ठेवलं होतं, यातच तिचं मन दिसत होतं. मंडळीचंही तेच मत. माझंही वय झालंय, गुडघे दुखतात. आणि खरं सांगते, ती बोलत असताना मला तिच्या घराची खिडकी दिसली, जिच्यात वास नाही, जिच्यातून कोणी हाक मारत नाही. मी म्हटलं, ‘‘विचार करते.’’

सुरुवातीचे काही दिवस मंडळीतले दोघं पाळीपाळीनं येऊन रंगनाथरावांचं करून गेले. काल त्यांच्यापैकी एकाला कंपनीत सकाळची शिफ्ट लागली आणि दुसरा गावाला गेलेला. नऊ वाजले तरी कोणी आलं नाही. पुढच्या खोलीतून हाक आली नाही. माणसाला गरज असताना हाक येत नाही, तेव्हा घर किती शांत होतं, ते मला काल कळलं. मी आत गेले. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. चादर भिजली होती.

‘‘वहिनी, बाहेर जा,’’ ते म्हणाले. ‘‘मला त्या संस्थेत टाका. मी ऐकलंय पोरीचं. आनंदानं जातो. पण तुम्ही हे करू नका.’’

‘‘आज तर कोणी नेणार नाही ना,’’ मी म्हटलं आणि पाणी तापत ठेवलं.

अहो, मला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी होईल. इतकी वर्षं तुमच्या तोंडून ऐकलं होतं, ते येशूनं शिष्यांचे पाय धुणं, तो रुमाल कमरेला बांधणं. मला काहीच झालं नाही. प्रार्थना सुचली नाही. साथीत परक्यांच्या उशाशी बसलेल्या त्या जुन्या माणसांमध्ये माझ्यासारखी एखादी बाई असेल का, जिला कोणी बोलावलं नव्हतं, जी फक्त पाणी तापलं म्हणून उठली, एवढाच विचार आला. शिष्य म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही. चादर बदलायला हवी होती, एवढं कळत होतं. मी पदर खोचला आणि बादली घेऊन आत गेले.

कृपाला दुपारी फोन करून सांगितलं, सध्या येत नाही, एखादा माणूस सकाळच्या कामाला मिळतो का बघते, मग आपण तिघं मिळून ठरवू. तिसरे म्हणजे काका. कारण त्यांनाही अजून कोणी विचारलेलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘शनिवारी येते मी. मला दाखव कसं करायचं ते.’’

पण काल सकाळचं सांगायचं राहिलंच. मी त्यांना कुशीवर वळवायला गेले तर मला वळवता येईना. तुम्ही कसे वळवायचा, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यांनीच सांगितलं, ‘‘आधी गुडघा वाकवा, वहिनी. मग खांद्याला धरा.’’ तसं केलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. म्हणाले, ‘‘तुम्हाला किळस येत आसंल.’’

‘‘येते,’’ मी म्हटलं.

‘‘भाऊंना यायची?’’

‘‘यायची. रोज यायची.’’

त्यांनी डोळे उघडले. ‘‘मला कधी कळू दिलं नाय त्या माणसानं.’’

‘‘मला तेवढं जमणार नाही, रंगनाथराव,’’ मी म्हटलं. ‘‘माझं तोंड वाकडं होणार. तुम्ही आपले भिंतीकडं बघा.’’

आणि ते हसले. पोट हललं, पलंग हलला, खोकला येईपर्यंत हसले. तुम्ही गेल्यापासून ह्या घरात कोणी हसलं नव्हतं. मलाही हसू आलं, आणि मग जे रविवारी उपासनेत आलं नव्हतं तेही आलं. हात ओले होते, डोळे पुसता येईनात. तसंच फडकं पिळलं आणि कामाला लागले.